रुमाल कोण सोडणार?

संगणकवाला : मोडी वाचण्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाने यंत्राची एवढी वाट पाहावी, याचं मला नवल वाटतं. यंत्राला वाचायला शिकवणारे आम्ही, आणि धास्ती आम्हाला. तुम्ही मात्र कधी एकदा ते येतंय म्हणून अधीर.

मोडीवाचक : अधीर आहे, कारण आत किती पडून आहे ते मला ठाऊक आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात एकट्या पेशवे दफ्तराचे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. एकेका कापडात बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे. सगळे कागद मोजायचे तर हिशेब कोटींत जातो. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० च्या सुमारास हाताखाली माणसं घेऊन ते दफ्तर चाळलं आणि निवडक कागदांचे ४५ खंड छापले. काम थोरच. पण त्या ढिगाच्या मानाने ४५ खंड म्हणजे चिमूटभर, आणि तीही बहुतेक मोहिमांची, तहांची, कारस्थानांची. इतिहास म्हणजे राजकारण, असाच तेव्हाचा समज होता. मग मागे राहिलं काय? जमाखर्च, वतनांचे तंटे, सूट मागणारे अर्ज, कुणाच्या विधवेला कुणी घराबाहेर काढलं त्याचा निवाडा. १७९१-९२ साली मोठा दुष्काळ पडला. त्या वर्षी कुठल्या परगण्यात जोंधळा काय भावाने गेला, किती गावांनी सारा माफ करा म्हणून लिहिलं, सरकारने किती जणांचं ऐकलं, हे सगळं शेजारी शेजारी मांडून कुणी पाहिलंय? एका माणसाला त्यासाठी चार जन्म लागतील. वळण चांगलं असेल तर आमच्यासारखा दिवसात काही पानं उरकतो. वाईट असेल तर एकच ओळ दुपार खाऊन टाकते. या वेगाने ते कागद वाचले जाणार नाहीत, वाळवीच्या वेगाने संपतील. मला माझ्या कसबाचा अभिमान आहे, पण तो जपण्यासाठी एवढे लोक मुके ठेवावेत इतका नाही.

संगणकवाला : वेगाबद्दल तुमच्याशी वाद नाही. यंत्र वाचतं म्हणजे काय करतं, ते मात्र ऐकून घ्या. रुडकीच्या आयआयटीतल्या आणि पुण्यातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडी पानांचा एक संच पुढे ठेवला. २,०४३ प्रतिमा आणि प्रत्येकीचं जाणकारांनी तपासलेलं देवनागरी लिप्यंतर. असल्या जोड्या यंत्राला दाखवायच्या आणि चित्रावरून मजकूर काढायला लावायचा. म्हणजे त्याच्या हाती लागतं ते तुमच्यासारख्यांच्या वाचनाचं फळ. तुम्ही तिथे का थांबलात, कुठलं अक्षर आधी 'त' वाटलं आणि मग 'न' ठरलं, कुठल्या शब्दापाशी चरफडत दुसरा कागद काढून पाहिलात, यातलं काहीही त्या जोडीत नसतं.

आता याहून वाईट गोष्ट. जुनी अक्षर ओळखणारी यंत्रं चुकली की कचरा ओकायची. काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. पाहणाऱ्याला लगेच कळायचं की इथे गडबड आहे. नवी यंत्रं चुकली की सुबक मराठी वाक्य लिहितात. भाषा त्यांना येते, आणि तीच अडचण आहे. अक्षर दिसलं नाही तरी तिथे काय शोभेल ते त्यांना ठाऊक असतं. पाणी लागून पुसलेल्या ओळीत यंत्र शोभेलसं काहीतरी बसवून देतं आणि ओळ पूर्ण होते. जिथे अंदाज केला तिथे खूण करायला आम्ही त्याला शिकवतो, पण खात्रीचा जो आकडा ते दाखवतं त्यावर आमचीच खात्री नसते.

मोडीवाचक : तुम्ही यंत्राचं जे वर्णन केलंत ते आमचंच झालं. मोडी वाचणं म्हणजे अक्षरं ओळखणं, असं बाहेरच्यांना वाटतं. लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यायचा आणि बोरू होईल तितका कमी उचलत अक्षरं तिला टांगत जायचा. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. त्यावर संक्षेप. 'मौ॥' म्हणजे मौजे, 'प॥' म्हणजे परगणे, 'बि॥' म्हणजे बिन. तारीख अरबी महिन्याची, वर्ष सुहूर सनाचं आणि तेही अरबी आकड्यांत. सबा तिसैन मया व अलफ म्हणजे सात, नव्वद, शंभर, हजार, झाले ११९७. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७९६. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, तेव्हा कागद जानेवारी ते मे मधला असेल तर ६०० मिळवायचे. यात अंदाज नाही कुठे? आम्हीही आधी वाक्याचा सूर पकडतो आणि मग अक्षर ठरवतो. दोन चांगल्या वाचकांना एकच फाटका कागद द्या, दोन वाचनं मिळतील, आणि दोघंही शपथेवर सांगतील की आपलंच खरं. माणसाच्या खात्रीचा आकडाही कुणी तपासलेला नाही.

शिवाय माझ्या समोर अर्जदार बसलेला असतो. त्याला जमीन हवी असते, दाखला हवा असतो. मी कागदावर भिंग धरतो आणि तो माझ्या ओठांकडे पाहत असतो. यंत्रासमोर कुणी असं बसत नाही. ती निस्पृहता थोडी नव्हे.

संगणकवाला : अर्जदार नसतो, पण सवय असते. २०२३ मध्ये मराठा समाजातल्या लोकांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरतं असलेलं काम पुढे राज्यभर गेलं, आणि तहसील कचेऱ्यांतून मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. समजा त्या कामात हाती लागलेली पानं घेऊनच आम्ही यंत्र शिकवलं. ती पानं जपून ठेवली गेली ती त्यांत 'कुणबी' हा शब्द होता म्हणूनच. म्हणजे यंत्राने पाहिलेल्या जगात तो शब्द जागोजाग आहे. उद्या त्याच्यापुढे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतलं एक पान आलं, 'कु' स्वच्छ आहे आणि पुढचं सगळं शाईत बुडालंय. ते काय वाचेल? कुळवाडी वाचेल का? कुणाचा पक्ष न घेता, कुणाची लाच न खाता ते 'कुणबी' लिहील. फक्त तो शब्द त्याने जास्त वेळा पाहिलाय म्हणून. उद्या दुसऱ्या हेतूने जमवलेल्या पानांवर शिकवलं तर तितक्याच सचोटीने उलटं लिहील. आणि दोन्ही वेळा निस्पृहतेचं सर्टिफिकेट तुमच्यासारखेच देतील.

मोडीवाचक : ठीक. हा घाव बसला. पण म्हणून कागद बांधून ठेवायचे का? यंत्राचा अंदाज आणि माणसाचा अंदाज वेगवेगळ्या जागी चुकतात, हीच तर सोय आहे. ग्रीसमधल्या फुटक्या शिलालेखांवर असंच काम झालं. २०२२ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात ते आलं. यंत्राचं नाव इथाका. तुटलेली अक्षरं भरून काढताना नुसत्या इतिहासकारांची अचूकता होती २५ टक्के, नुसत्या यंत्राची ६२. इतिहासकारांनी यंत्राच्या सूचना समोर ठेवून काम केलं तेव्हा ती ७२ वर गेली. माणूस नसता तर ते दहा टक्के कुठून आले असते? या आकड्यांत मला माझी किंमत दिसते, आणि ती शून्य नाही.

संगणकवाला : ७२ मला मान्य आहेत. मी विचारतो, ते इतिहासकार कुठे तयार झाले? यंत्र नव्हतं तेव्हा. दगडावरून बोट फिरवत, पंचवीस टक्क्यांच्याच लायकीचे अंदाज करत, चुकत. यंत्राच्या सूचनांतली कुठली घ्यावी आणि कुठली टाकावी हे कळण्याइतका वकूब त्यांच्यात आला तो त्या चुकांमधून. पहिल्या दिवसापासून यंत्राच्या सूचना वाचत वाढलेली पिढी त्या जागी बसवा आणि मग पुन्हा टक्के मोजा.

हे नुसतं भाकीत नाही. पोलंडमध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची पाहणी झाली, २०२५ मध्ये छापून आली. पुढे कर्करोगात बदलू शकतील अशा गाठी दाखवून देणारं यंत्र त्यांना दिलं गेलं होतं. ते वापरायची सवय लागल्यावर, ज्या तपासण्या यंत्राविना केल्या त्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण आधीच्या सुमारे २८ टक्क्यांवरून सुमारे २२ वर उतरलं. ते नवशिके नव्हते, हात मुरलेली माणसं होती, आणि काळ काही महिन्यांचा.

मोडीवाचक : अशा एका पाहणीवरून मी टोकाला जाणार नाही. त्या काळात दुसरंही काही बदललं असेल, रोग्यांची संख्या वाढली असेल. पण समजा खरं आहे. समजा माझीही नजर मंदावली. मग काय झालं? नजर कशासाठी होती? रोग्याला गाठ सापडायला हवी, ती डॉक्टरला दिसली की पडद्याला, याच्याशी त्याला काय करायचंय? तसंच कागदाचं. कसब हे कशाचं तरी साधन असतं. आपण ते देव्हाऱ्यात ठेवू लागलो की समजावं, त्याचं काम संपत आलं.

मोडीचंच पाहा. ती विद्वानांची लिपी कधीच नव्हती, कारकुनांची होती. भराभर लिहून व्हावं म्हणून. शास्त्राचं, पोथीचं ते बाळबोधीत. सरकारी आणि सावकारी ते मोडीत. छापखान्याला देवनागरी सोयीची पडली, टंकयंत्र आलं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतूनही मोडी गेली. चिटणिशी, बिवलकरी, महादजीपंती, रानडी, एवढ्या वळणांनी नटलेलं लेखन बंद पडलं. कुणी सुतक पाळलं का? मराठी संपली का? लिहिण्याचं कसब गेलं तेव्हा आपण हूं की चूं केलं नाही. वाचण्याचं जायची वेळ आली की मात्र संस्कृतीचा प्रश्न!

संगणकवाला : सुतक पाळलं नाही, म्हणूनच २०२३ मध्ये धावाधाव झाली. ज्याच्या पणजोबाला शाळेत मोडी येत होती त्याला स्वतःच्या घरातला कागद वाचून घ्यायला तालुक्याचं गाव गाठून माणूस शोधावा लागला. सत्तर वर्षं. मधल्या काळात मोडीची किंमत काय होती? जवळजवळ शून्य. पुराभिलेख खात्याचे वर्ग चालत, विद्यापीठांत प्रमाणपत्रं मिळत, पण त्यावर संसार चालत नव्हता. मग एक दिवस एका समितीमुळे किंमत आभाळाला भिडली. कसबाची किंमत आज बाजारात किती, यावरून ते ठेवावं की सोडावं हे ठरवलं की असं होतं. तुम्ही म्हणाल, आता यंत्र आहे, अशी धावाधाव पुन्हा होणार नाही. मी म्हणतो, पुढच्या वेळी धावाधाव होईल ती यंत्राने वाचलेलं खरं की खोटं हे सांगणाऱ्याच्या शोधात.

 

मोडीवाचक : तुम्ही माणसाच्या ज्या कसबाला राखायला निघालात ते नेमकं कुठलं, ते सांगा. अक्षर ओळखणं? ते यंत्र करील. सुहूर सन काढणं? ते तर कोष्टकही करतं. मग उरतं काय? 'अनुभव' असं मोघम सांगू नका.

संगणकवाला : पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ते पत्र तुम्हाला माहीत आहे. सावकारी पत्र. मोती किती गेले, मोहरा किती हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. वरवर तोट्याचा हिशेब. मोती म्हणजे कोण आणि खुर्दा म्हणजे कोण हे ज्याला कळलं त्याच्या पायाखालची जमीन सरकली. यंत्र ते पत्र एकही अक्षर न चुकता वाचील आणि जमाखर्चाच्या रुमालात घालील.

मोडीवाचक : नाही घालणार. ते पत्र इतक्या पुस्तकांत आलंय की तुमचं यंत्र त्यावर निबंध लिहून देईल.

संगणकवाला : देईल. कारण त्याचा उलगडा माणसांनी आधीच करून ठेवलाय. तसंच दुसरं पत्र, कुणी न छापलेलं, ३९ हजारांपैकी कुठल्यातरी रुमालात असेल. ते हातात आलं तर तुम्ही थांबाल का?

मोडीवाचक : खरं सांगायचं तर खात्री नाही. पण कदाचित थांबेन. सराफाचा हिशेब कसा असतो ते मला माहीत आहे. तो कोरडा असतो. आणे-पैशांपर्यंत जातो. मोहरा हरवल्या तर कुणाच्या, कुणाच्या हवाली होत्या, हे तो लिहीलच. खुर्दा मोजता आला नाही असं सराफ कधी लिहिणार नाही; खुर्दा मोजणं हाच त्याचा धंदा. तिथे माझं बोट अडखळेल.

संगणकवाला : हेच मी विचारत होतो. सराफाचा हिशेब कोरडा असतो हे तुम्हाला कुणी शिकवलं?

मोडीवाचक : कुणी नाही. तसले हिशेब नकलून काढले. नवा होतो तेव्हा दुसरं काम मिळतच नसे. पत्रं, निवाडे जाणत्यांकडे, आमच्याकडे रोजकीर्दी. कंटाळ्याने जीव जायचा.

संगणकवाला : मग मी जे राखू म्हणतो ते हे. कागद चुकीचा वाटणं, आणि का वाटतोय ते सांगता येण्याच्या आधी वाटणं. नेहमीचं कसं असतं हे हाडीमाशी मुरल्याशिवाय नेहमीपेक्षा वेगळं काय ते दिसत नाही. बनावट सनदही अशीच पकडली जाते. इंग्रजांनी इनामांची चौकशी करायला नेमलेल्या इनाम कमिशनपुढे लोकांनी आणलेल्या सनदांपैकी कुठली खरी, कुठली घरी बनवलेली, हे मजकुरावरून कळत नसे. मजकूर तर निर्दोषच असायचा. शिक्का बसलाय तिथे बसायला नको होता, मायना त्या माणसाला असा कुणी लिहिला नसता, शाई त्या कागदाच्या मानाने तरुण आहे. यंत्र बनावट सनद खऱ्या सनदेपेक्षाही चांगली वाचील, कारण बनवणारा बिचारा मन लावून स्वच्छ लिहितो.

मोडीवाचक : यंत्रालाही वेगळेपणा हेरता येतो. हजार कीर्दी दाखवा, हजार एकावी विचित्र असेल तर ते सांगेल. तुमच्या बँकांमध्ये तेच तर चालतं.

संगणकवाला : सांगेल. शंभर विचित्र कागद काढून देईल. त्यांपैकी नव्व्याण्णव विचित्र असतील ते कारकुनाची लेखणी फुटली म्हणून, पान उलटं बांधलं म्हणून. शंभरावा कुठला हे ठरवायला पुन्हा कीर्दीत मळलेला माणूस लागेल. आणि आणखी एक गोष्ट, जी आम्ही फारशी सांगत नाही. यंत्र सगळे कागद सारखे वाचत नाही. शिकवायला जी पानं मिळतात ती चांगल्या वळणाची, जपून ठेवलेली, आधी कुणीतरी वाचलेली. म्हणजे हुजुरातल्या कारकुनाची. आडगावच्या कुलकर्ण्याने हलक्या कागदावर, पाण्यासारख्या शाईने, गावच्या बोलीत लिहिलेला अर्ज त्याला वाचता येत नाही. वाचला तर त्याची बोली सुधारून प्रमाण मराठीत देतं. तुम्हाला हवेत ते दुष्काळातले अर्ज, आणि नेमके तेच यंत्र धड वाचणार नाही. उद्या कुणी अभ्यासक विचारील, अमक्या परगण्यातून किती अर्ज आले? उत्तरात आकडा येईल. न वाचता आलेले अर्ज त्या आकड्यात नसतील, आणि ते नाहीत हे आकडा सांगणार नाही.

मोडीवाचक : हे मला लागलं. खरंच लागलं. पण सरदेसायांच्या खंडांतही ते अर्ज नाहीतच. निदान यंत्राने टाकलेल्या कागदांची यादी तरी काढता येईल : हे वाचता आले नाहीत. माणसाने न उघडलेल्या रुमालाची नोंद कोण ठेवतो? ती यादी मला द्या. यंत्राने नव्वद कागद वाचावेत, दहा माझ्याकडे टाकावेत. मग मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लायकीचं काम करीन. रोजकीर्दी नाहीत, नक्कल नाही. फक्त जे अडलंय ते. तुम्ही ज्याला माझं कसब म्हणता त्याची किंमत अशाने वाढेलच की.

संगणकवाला : तुमची वाढेल. तुमच्या हाताखाली यायचा होता त्या मुलाची काय?

मोडीवाचक : तोही तेच शिकेल.

संगणकवाला : कशावर? नव्वद सोपे कागद यंत्राने नेले. त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी पाणी लागलेला, आडवळणाचा, बोलीतला अर्ज. तुम्हाला तो वाचता येतो कारण तुमच्यामागे त्या रोजकीर्दी आहेत, ज्यांच्या कंटाळ्याने तुमचा जीव जात होता.

मोडीवाचक : कंटाळ्याचं एवढं कौतुक नको. मी त्यात होतो, तुम्ही नव्हता. त्या वर्षांतली निम्मी तरी निव्वळ वाया गेली. तीनशे कीर्दींनी जे शिकवलं तेच पुढच्या तीन हजारांनी शिकवलं. कष्ट केले म्हणून ते पवित्र ठरत नाहीत. मुलाला निवडक तीनशे द्या, यंत्राचं वाचन झाकून ठेवा, त्याने स्वतः वाचावं, मग झाकण काढून ताडून पाहावं. यंत्रासारखा गुरू मिळणार नाही. रात्री बारा वाजता विचारलं तरी खेकसत नाही. मी ज्यांच्याकडे शिकलो ते खेकसत.

संगणकवाला : झाकण तो काढणार नाही असं तुम्हाला वाटतं?

मोडीवाचक : काढेल. मीही जाणत्याच्या टेबलावरची नक्कल चोरून पाहायचो. तो प्रश्न शिस्तीचा आहे, यंत्राचा नाही.

संगणकवाला : शिस्तीचा असता तर बरं झालं असतं. मला तो पगाराचा वाटतो. तुम्ही रोजकीर्दी नकलत होता तेव्हा तुम्हाला पगार कशाचा मिळत होता?

मोडीवाचक : नकलेचाच. पानामागे.

संगणकवाला : म्हणजे शिकण्याचा नाही. दफ्तराला नक्कल हवी होती, ती तुम्ही देत होता, आणि त्या पैशात तुम्ही तयार होत होता. तुमच्या तयारीवर कुणीही वेगळा रुपया खर्च केला नाही. तो खर्च त्या कंटाळवाण्या कामाच्या पोटात दडलेला होता. हे फक्त मोडीचं नाही. वकिलाचा नवा साहाय्यक तारखांच्या नोंदी आणि करारांचे मसुदे करतो, वर्तमानपत्रातला नवा उपसंपादक बातम्या कापतो, आमच्याकडची नवी मुलं फुटकळ प्रोग्रॅम लिहितात. काम दुय्यम, पण विकलं जाणारं. यंत्राने तेवढंच काम उचललं. जाणत्यांच्या कामाला त्याने हातही लावलेला नाही, त्यामुळे जाणते खूश आहेत, तुमच्यासारखे. नवशिक्याच्या पानाला मात्र आता भाव नाही. तुमचे निवडक तीनशे कागद उत्तम आहेत. ते वाचायला त्याला दोन वर्षं लागतील, आणि त्या दोन वर्षांत तो जे वाचील ते यंत्राने आधीच वाचलेलं असेल. ते विकत कोण घेईल?

मोडीवाचक : सरकारने घ्यावं. विद्यापीठाने घ्यावं. शिष्यवृत्ती द्यावी.

संगणकवाला : सत्तर वर्षं मोडीला दिली का?

मोडीवाचक : नाही दिली. पण मग तुमचा उपाय काय? नवशिक्याला काम मिळावं म्हणून यंत्राला सोपे कागद वाचायची बंदी करायची? वाळवी थांबणार आहे का दोन पिढ्या? दुष्काळातल्या गावांनी अजून शंभर वर्षं थांबायचं, कारण एका मुलाचा हात बसायचाय?

संगणकवाला : बंदी मीही मागत नाही. मी यंत्र विकतो.

मोडीवाचक : मग निदान एवढं करा. यंत्राने लिप्यंतर केलेल्या प्रत्येक कागदाखाली वाचणाऱ्याचं नाव लागतं त्या जागी काय लिहिणार ते ठरवा. कोर्टात माझ्या लिप्यंतराखाली माझी सही असते. वकील उलटतपासणीत विचारतो, हे अक्षर अमुकच कशावरून, आणि मला घाम फुटतो. त्या घामाने माझं वाचन सुधारतं. तुमच्या यंत्राच्या वाचनाखालीही शेवटी माझीच सही घेतील, हे मला दिसतंय. नव्वद कागद न वाचता सह्या. तेव्हा माझं कसब वाचनाचं राहणार नाही, दोष अंगावर घेण्याचं होईल, आणि त्यासाठी मोडी यायची गरजही पडणार नाही.

संगणकवाला : म्हणजे तुम्ही माझ्या बाजूला आलात.

मोडीवाचक : नाही. रुमाल सोडायचेच, आणि यंत्राकडूनच सोडवायचे, यावरून मी हलणार नाही. पण तुम्ही पगाराचं काढलंत ते मात्र डोक्यातून जात नाही. कचेरीत जागा मंजूर होते ती कागदांच्या आकड्यावर : एवढी पानं, एवढे कारकून. अमका माणूस अजून तयार होतोय, पाच वर्षांनी उपयोगी पडेल, तोवर त्याला पोसा, असा रकाना मी कुठल्याच अंदाजपत्रकात पाहिलेला नाही.

संगणकवाला : आमच्याकडे तो आहे.

मोडीवाचक : शिकाऊ मुलांसाठी?

संगणकवाला : यंत्रासाठी. ते शिकत असतं त्या काळात काहीच कमवत नाही, वीज खातं आणि चुकतं. तो खर्च आम्ही गुंतवणूक म्हणून दाखवतो, आणि पैसे देणारे खुशीने देतात.